पॅच पाठवला... मग?

दोन शनिवारांपूर्वीची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, लाईट जात-येत होती, आणि करण्यासारखं काहीच नाही म्हणून मी जुने मेल साफ करत बसलो होतो. बँकेच्या ऑफर्स, कुठल्यातरी कोर्सच्या जाहिराती, डिलीट, डिलीट, डिलीट... आणि एकदम माझाच एक मेल समोर आला. पावणेदोन वर्षांपूर्वी पाठवलेला. खाली उत्तर नाही. एकही नाही.

तो माझ्या आयुष्यातला पहिला पॅच होता. (आमच्या घरच्या वाचकांसाठी: पॅच म्हणजे ठिगळ. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये अमुक ओळ काढा, तमुक घाला, असं सांगणारी छोटीशी फाईल. पंच केलेल्या कागदी पट्ट्यांवर प्रोग्रॅम असायचे तेव्हा खरोखरच ठिगळं चिकटवत, तिथून हा शब्द आला.)

झालं होतं असं, की आईच्या भिशीचा हिशोब माझ्याकडे आहे. बारा बायका, दर महिन्याचे पैसे, कुणाचा नंबर लागला, कुणाचे राहिले. एक्सेल वगैरे न उघडता मी तो साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतो आणि काळ्या स्क्रीनवर रकाने पाडून दाखवणारं एक छोटं ओपन सोर्स टूल वापरतो. नावं इंग्रजीत असली की रकाने सरळ रेषेत. देवनागरीत लिहिली की सगळं वाकडं! कारण ‘किती’ हा शब्द तुम्हाआम्हाला दोन अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो क, वेलांटी, त, वेलांटी असा चार. टूल चार मोजायचं, जागा चारची सोडायचं, आणि सुनीताकाकूंचे पैसे वैशालीकाकूंच्या रकान्यात गेल्यासारखे दिसायचे.

मी तो कोड उघडला, दोन रात्री जागलो आणि चौदा ओळींचा पॅच केला. मेल दहा वेळा वाचला. ‘सेंड’ दाबताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू. आणि मग... काहीच नाही. आठवडा गेला, महिना गेला. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "फुकटात काम करायचं आणि वर त्यांच्या उत्तराची वाट बघायची, हा कुठला शहाणपणा?" मी हसून सोडून दिलं, पण मनात वेगळंच बसलं होतं. आपण सर्व्हिस कंपनीतली माणसं, तिकीट आलं की बंद करणारी. आपल्याला खरं प्रोग्रॅमिंग कुठे येतं? कोड वाईट असणार, म्हणून साधं ‘नाही’ म्हणायचीही तसदी कुणी घेतली नाही. त्यानंतर पावणेदोन वर्षं मी कुठल्याच प्रोजेक्टला काही पाठवलं नाही.

त्या शनिवारी मात्र डोक्यात एक किडा शिरला. अनोळखी माणसाने पाठवलेलं ठिगळ पूर्वी कोण लावायचं? कसं लावायचं? आणि उत्तर आलं नाही की लोक काय करायचे? वाचत सुटलो, आणि जे सापडलं ते इथे लिहितोय.

सुरुवात १९७४ च्या आसपास होते. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉयने युनिक्ससाठी ‘डिफ’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. दोन फायली द्या, त्यांच्यात कुठल्या ओळी वेगळ्या आहेत ते सांगतो. उत्तम सोय. पण फरक कळला तरी तो समोरच्याच्या फाईलमध्ये घालायचा कसा? बऱ्याचदा बसायचं आणि हाताने, ओळी शोधून शोधून बदल करायचे. दहा बदल असले तर नववा चुकणारच.

मे १९८५ मध्ये लॅरी वॉल नावाच्या माणसाने ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लिहून जगाला फुकट वाटून टाकला. डिफने दिलेला फरक वाचायचा आणि आपोआप लावायचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरी गंमत पुढे आहे. समजा मी माझ्याकडच्या प्रतीत शंभराव्या ओळीवर दुरुस्ती केली. तोवर मूळ लेखकाने वर वीस ओळी नव्या घातल्या. आता माझी शंभरावी ओळ त्याच्याकडे एकशे विसावी. वॉलचा प्रोग्रॅम अडून बसत नाही. आजूबाजूच्या ओळी जुळतायत का बघत वर-खाली शोधतो, सापडलं की तिथे ठिगळ लावतो आणि सांगतो, की बाबा, इतक्या ओळी सरकवून लावलंय. म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याकडे तंतोतंत एकच प्रत असायची गरज संपली. दोन अनोळखी माणसं, दोन देशांत, थोड्या वेगवेगळ्या प्रती घेऊन एकत्र काम करू शकायला लागली. याच वॉलने १९८७ मध्ये पर्ल ही भाषा काढली आणि तिच्यासाठी तो जास्त प्रसिद्ध झाला. माझ्या मते मोठं काम पॅचचं. असो, पर्लवाले मित्र फोन करतीलच.

पुढचा टप्पा सगळ्यांना माहीत असलेला. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने जाहीर केलं, की आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, हौस म्हणून. (एकेरीत लिहितोय, घरातला असल्यासारखा. सवय!) लिनक्सच्या या जन्मकथेत एक बारीक तपशील मला फार आवडला. पुढे मुलाखतींमध्ये त्याने सांगितलंय, की सुरुवातीला लोकांनी पाठवलेले पॅच तो लावतच नसे. वाचायचा, समोरच्याला काय हवंय ते समजून घ्यायचा आणि तेच स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहायचा. दुसऱ्याचा कोड जसाच्या तसा घ्यायला विश्वास लागतो, आणि तो यायला वेळ लागला. म्हणजे लिनक्सच्या पहिल्या मदतनिसांपैकी कित्येकांची स्वतः लिहिलेली ओळ आत गेलीच नाही. गेली ती त्यांची अडचण.

नुसती अडचण सांगूनही काय होतं याचा नमुना त्याच वर्षीचा. जर्मनीतल्या एकाच्या मशीनमध्ये मेमरी होती फक्त २ एमबी. त्यात लिनक्स कंपाईल होईना. त्याने तसं कळवलं. लिनसच्या स्वतःच्या मशीनमध्ये मेमरी जास्त होती, त्याला ही अडचण नव्हतीच. पण १९९१ च्या नाताळच्या सुमारास तो बसला आणि मेमरी कमी पडली तर डिस्क वापरायची सोय त्याने लिहून काढली. जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत ती आली. लिनक्स ज्या मिनिक्सकडे बघून सुरू झालं, त्यात ही सोय नव्हती!

इथपर्यंत गोष्ट छान आहे. एक माणूस, शे-दोनशे उत्साही लोक, मेल केला की उत्तर. पण सिस्टीम वाढली, पाठवणारे वाढले, आणि घेणारा एकच राहिला.

१९९८ मध्ये लिनस कॅलिफोर्नियात नोकरी करत होता, घरात दोन लहान मुली, आणि जगभरातून पॅचचा पाऊस. सगळे मेलने यायचे. तो वाचायचा, पटलं तर स्वतःच्या प्रतीत लावायचा. नाही पटलं तर? बऱ्याचदा काहीच नाही. नकार नाही, पोच नाही, कुठे नोंद नाही. लोक पुढची आवृत्ती उतरवून घ्यायचे आणि आपली ओळ आत आहे का ते शोधायचे. नसली तर पुन्हा पाठवायचे. पुन्हा शोधायचे. दहावीच्या निकालाच्या दिवशी बोर्डावर नंबर शोधायचे ना, दर आवृत्तीला तसं. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यावरून जोरदार भांडण झालं. लिनस वैतागून काही दिवस सुट्टीवर निघून गेला. लॅरी मॅकव्हॉय नावाच्या अनुभवी प्रोग्रॅमरने तेव्हा लिहिलं, की हा एक माणूस आहे, याच्यावर पडणारा भार असाच वाढत राहिला तर तो टिकणार नाही, काहीतरी यंत्रणा हवी.

हे वाचताना मी जरा सरसावून बसलो. कारण ज्यांचे पॅच असे गायब होत होते, ती काही माझ्यासारखी नवखी पोरं नव्हती. त्यांत नाव असलेले, वर्षानुवर्षं काम केलेले लोक होते!

गंमत म्हणजे पॅच कसे पाठवावेत यासाठी कर्नलसोबत जी सूचनांची फाईल यायची, तिच्यात यावर चक्क एक भाग होता. मथळ्यातच धीर दिलेला: नाउमेद होऊ नका, पुन्हा पाठवा. खाली न लागण्याची संभाव्य कारणं: पॅच नीट बसला नसेल, पुरेशी चर्चा झाली नसेल, लिहिण्याची पद्धत चुकली असेल, मेलचं स्वरूप बिघडलं असेल, तांत्रिक दोष असेल, किंवा लिनसला ढिगाने मेल येतात त्यात तुमचा हरवला असेल. (शेवटी असंही होतं, की तुम्ही त्रास देत असाल. प्रामाणिक माणसं!) माझ्या डोक्यात आलेलं कारण, म्हणजे "तू सर्व्हिस कंपनीतला आहेस", यादीत नव्हतं.

जानेवारी २००२ मध्ये पुन्हा तोच वाद. रॉब लँडली याने सुचवलं, की हरवणारे छोटे छोटे पॅच गोळा करायला एक वेगळा माणूस नेमा. लिनसने ते मानलं नाही. त्याचं म्हणणं, मी मोजक्या विश्वासाच्या माणसांकडून काम घेतो, तुम्ही त्यांच्यामार्फत या. पण कुठेतरी पटलं असावं, कारण फेब्रुवारीत त्याने मॅकव्हॉयच्याच कंपनीचं ‘बिटकीपर’ वापरायला सुरुवात केली. कुणाचा बदल, कधी आला, कुठे लागला, याची नोंद राहायला लागली. अडचण एवढीच, की बिटकीपर हे बंद सॉफ्टवेअर. ओपन सोर्सवाल्यांना फुकट, पण अटींसह. त्यातली एक अट, याच्याशी स्पर्धा करणारं काही बनवायचं नाही. बऱ्याच जणांना ते घशाखाली उतरलं नाही, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं.

२००५ मध्ये तंटा झाला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मॅकव्हॉय भडकला, फुकटचा परवाना बंद. ट्रिजेलने कॅनबेरातल्या परिषदेत भर सभागृहात करून दाखवलं की यात हॅकिंग वगैरे काही नव्हतं: सर्व्हरला टेलनेटने जोडायचं आणि ‘हेल्प’ टाईप करायचं, तो स्वतःच सगळं सांगतो!

लिनस आता हत्याराविना. त्याने कर्नल बाजूला ठेवला आणि ३ एप्रिल २००५ ला नवीन काहीतरी लिहायला घेतलं. ७ एप्रिलला ते स्वतःचाच कोड सांभाळायला लागलं होतं. तेच गिट. आपण रोज उठून ज्याला शिव्या घालतो ते. पहिल्या दिवशीचा सगळा कोड जेमतेम हजार-बाराशे ओळी. एका संध्याकाळी वाचून होईल इतका.

आणि इथे तो माणूस येतो, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहितोय. ज्युनिओ हमानो.

लिनसने गिट जाहीर केल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात हमानोचे पॅच यायला लागले. बोलावलं कुणी नव्हतं. प्रागचा पेत्र बाउडिश तेव्हा गिटवर सोप्या कमांड रचत होता, त्याचा गवगवा जास्त होता. हमानोने काय केलं? दोन शाखा एकत्र कशा करायच्या यावर लिनस नुसता विचार मांडत होता, तर याने पर्लमध्ये स्क्रिप्ट लिहून दाखवलं. (घ्या, पर्ल परत आलं.) आणि त्याहून मला आवडले ते त्याचे त्या पहिल्या दिवसांतले बारके पॅच. ‘शो-डिफ’ नावाची कमांड होती, ती आतल्या आत शेलकडून डिफ चालवायची. फाईलच्या नावात स्पेस किंवा बाण-बिण असली विचित्र चिन्हं असली तर शेल ती आज्ञा समजून भलतंच काही करून बसेल. हमानोने ते बंद केलं. मग त्याच कमांडला, सगळ्या फायली नकोत, मी सांगतो तेवढ्याच दाखव, असा पर्याय जोडला. बस. यात कुठे अलौकिक प्रतिभा? फाईलच्या नावात स्पेस आली तर काय होईल, हा प्रश्न टेस्टिंगमधली आमची कुठलीही मुलगी पहिल्या दिवशी विचारते. पण त्याने विचारला, दुरुस्त करून पाठवला, काय आणि का केलं ते दोन-चार ओळींत लिहिलं, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी पाठवलं.

एप्रिल गेला, मे गेला. जूनच्या मध्यात गिटमध्ये सांभाळलेला कर्नल २.६.१२ बाहेर पडला. लिनसला आपल्या कर्नलकडे परत जायचं होतं. आणि जुलैच्या शेवटी, म्हणजे पहिल्या ओळीनंतर चार महिनेही झाले नव्हते, त्याने अख्खं गिट हमानोच्या हाती सोपवलं. कारण विचारलं की तो हमानोच्या ‘टेस्ट’बद्दल बोलतो. आपल्याकडे गाण्यातल्या माणसाबद्दल म्हणतात ना, याला कळतं, तसं. गिट १.० डिसेंबर २००५ मध्ये निघालं ते हमानोच्या हातून, आणि वीस वर्षं होऊन गेली तरी सांभाळणारा तोच आहे.

पण थांबा, मला यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. टेबलाच्या या बाजूला बसलेला माणूस त्या बाजूला गेल्यावर काय करतो?

हमानोने शाखांची एक शिस्त लावली. पक्कं झालेलं ‘मास्टर’मध्ये, त्याच्या उंबरठ्यावरचं ‘नेक्स्ट’मध्ये, आणि अजून कच्चं, पण हाती आलेलं, अशांसाठी तिसरी शाखा. शिवाय तो दर थोड्या दिवसांनी एक चिठ्ठी काढतो: स्वयंपाकघरात सध्या काय काय शिजतंय. कुणाचा पॅच, कुठवर आला, कशाची वाट बघतोय, पुढे सरकणार की टाकून देणार. प्रत्येकाची एक-दोन ओळीत खबर. १९९८ मध्ये जे लोक आवृत्त्या उतरवून आपली ओळ शोधत बसायचे, त्यांना अशी चिठ्ठी मिळाली असती तर किती भांडणं वाचली असती!

त्या तिसऱ्या शाखेचं नाव आधी ‘पीयू’ होतं, म्हणजे प्रस्तावित बदल. २०२० मध्ये ते बदलून ‘सीन’ केलं. सीन म्हणजे पाहिलं. आवडलं नाही, घेणार असंही नाही. फक्त, तुम्ही पाठवलेलं मी पाहिलंय. व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या टिका तेवढं सांगतात. मला पावणेदोन वर्षं नेमकं तेवढंच हवं होतं.

तर मंडळी, गेल्या रविवारी मी तो जुना पॅच काढला आणि टूलच्या नव्या प्रतीवर लावून बघितला. एवढ्या दिवसांत कोड बदललेला, वाटलं आता बसणारच नाही. पण स्क्रीनवर ओळ आली, की सदतीस ओळी खाली सरकवून लावला. लॅरी वॉल, तुझं भलं होवो रे बाबा! मेलमध्ये दोनच वाक्यं जास्त लिहिली: हे पूर्वी पाठवलं होतं, कदाचित नजरेतून सुटलं असेल, आणि चुकत असेल तर कुठे ते सांगा. भिशीचा वाकडा आणि सरळ असे दोन्ही तक्ते जोडले, काकूंची नावं बदलून.

गुरुवारी उत्तर आलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वाचलं आणि मित्राच्या तोंडासमोर फोन धरला. तीन ओळी होत्या. पहिली, उशिराबद्दल माफ करा, हे टूल मी एकटाच बघतो आणि मधली दोन वर्षं फारसं बघूच शकलो नाही. दुसरी, आपल्याला ही लिपी वाचता येत नाही, पण दुरुस्ती पटते. तिसरी, टेस्ट कुठेय?

टेस्ट! ती मी लिहिलीच नव्हती. ऑफिसात दुसऱ्यांना याच मुद्द्यावरून चार वेळा परत पाठवतो मी.

म्हणून आज शनिवारी सकाळपासून तेच चाललंय. ‘किती’ झालं, ‘सुनीता’ झालं, अनुस्वार झाला. आईला फोन करून विचारलं, तुला माहीत असलेला सगळ्यात अवघड जोडाक्षराचा शब्द सांग. ती आधी म्हणाली, "तुझं काय चाललंय काय?" आणि मग दोन मिनिटांनी तिनेच परत फोन केला: "कार्त्स्न्य. लिहून घे, र, त, स, न, य, पाच अक्षरं एकात." टेस्टमध्ये घातला. माझा पॅच तिथे साफ आपटला. चौदा ओळींच्या आता एकवीस होतील बहुतेक, रात्री जेवण झाल्यावर परत बसतो.